सगळ्यांनी घेतलेलं नाव

"नाव घे की गं! का नवऱ्याचं नाव इसरलीस?" शेवंताक्का ओरडल्या आणि मी मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून पुढे धरला.

समोर सुनंदावहिनी मांडीवरच्या सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. सोललेली पाकळी तिने परातीत टाकली, मान वेळावली आणि ठसक्यात सुरू केलं, "पाट्यावर वाटला लसूण, वास गेला गावभर..." इथपर्यंत शब्दन् शब्द स्वच्छ. मग तिने पदर तोंडावर घेतला, आणि ती नवऱ्याचं नाव घेतेय न घेतेय तोच भोवतीच्या पंचवीस-तीस बायका एकदम फुटल्या. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी "लाजली बया लाजली!" म्हणून किंचाळलं, एकीने तर हसता हसता डब्याचं झाकण खाली पाडलं. त्या गलक्यातून शेवट तेवढा वर आला, "...घरी नसले की करमत न्हाई घडीभर!"

"वहिनी, नाव ऐकूच आलं नाही."

"आता एकदा घेतलं की. सारखं सारखं काय घ्यायचं, झिजतंय ते!" सुनंदावहिनी म्हणाली, आणि पुन्हा हशा.

त्या दुपारभर हेच चाललं. प्रत्येकीने उखाणा घेतला आणि प्रत्येक वेळी नेमक्या नावाशी सगळ्याजणी खिदळल्या. त्या गावात तशीच रीत होती. नाव कानावर पडायच्या आत जी हसणार नाही ती मैत्रीण कसली, असा सगळा प्रकार. हॉस्टेलवर येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्याकडे भरपूर उखाणे होते आणि नवरा एकही नव्हता.

म्हणजे एक होता. तानूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे त्यांना कुणी नाव घे म्हणेना. मलाही सुचलं नाही. मी मोबाइल पिशवीत टाकणार, एवढ्यात त्या मान वर न करता म्हणाल्या, "सांडगे घातले उन्हात, राखण करते एकली, दगडूरावांच्या नावावर जिंदगी अख्खी टेकली." कुणी हसलं नाही. बाहेर कोंबडी ओरडली, तीसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी कोल्हापुरात डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते आणि शेवटच्या प्रकल्पात आम्हाला एका खऱ्याखुऱ्या धंद्याची ओळख घडवायची होती. नाव, चिन्ह, पाकिटं आणि सोबत एक पुस्तक. माझ्या वर्गातल्या हुशार मंडळींनी कॅफे घेतले. मी गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका गावातला बायकांचा गट घेतला. कांदा-लसूण चटणी, सांडगे आणि पापड करायच्या त्या. चटणी अशी की खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ कुणाचंच ऐकायच्या स्थितीत नसतो. पण पाकीट साधं पांढरं, त्यावर शिक्का, आणि शिक्क्यात गटाचं नाव एवढं लांब की शेवटचा शब्द नेहमी पाकिटाच्या बाहेर उमटायचा.

सुरुवातीला मी फार मोठी कलावंत झाले होते. एकाच वळणात मिरची काढली, खूप मोकळी जागा सोडली आणि ते चिन्ह शेवंताक्कांसमोर ठेवलं. अक्का गटाच्या अध्यक्ष. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला.

"वांगं हाय व्हय गं?"

"मिरची आहे, अक्का."

"मग मिरचीला हितं काय झालंय? आजारी हाय का?"

दुसऱ्या वेळी उखळ काढलं, त्याला सगळ्यांनी मिळून कमोड ठरवलं. तिसऱ्या वेळी मी काही न काढता नुसतीच जाऊन बसले, लसूण सोलला, बोटं तिखट करून घेतली, आणि त्याच दुपारी अक्का सुनंदावहिनीला म्हणाल्या, "नाव घे." माझ्या डोक्यात लखकन दिवा लागला. पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात 'नाव घे', खाली प्रत्येक पाकिटावर वेगळा उखाणा, आणि पुस्तक म्हणजे गटातल्या प्रत्येकीचा उखाणा, एकेका पानावर, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. आमचे इनामदार सर सहसा कशालाही हं म्हणायचे. या वेळी ते "हं हं" म्हणाले. मी हॉस्टेलच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले.

पण पान लावायला बसले तर नावं कुठायत? नावाच्या जागी सगळीकडे हशा. सुनंदावहिनी म्हणाली, विचारून कळवते. तोवर आमच्या धंद्यात करतात तेच मी केलं. मोकळ्या जागी तात्पुरता मजकूर भरला, अक्षरं कशी बसतायत ते बघायला. अशा वेळी कुणी 'कखगघ' टाइप करतं, कुणी वर्तमानपत्रातला उतारा टाकतं. मला टाइपची परीक्षा घेणारं नाव हवं होतं. वर दोन मात्रा हव्यात, रफार हवा, जोडाक्षर हवं, दीर्घ वेलांटी हवी. अशी सगळी संकटं एकत्र असलेलं नाव मला एकच माहीत होतं, धैर्यशील. ते मी प्रत्येक पानावर टाकलं. तानूबाईंच्या पानावर तेवढं दगडूराव होतं, ते ऐकूच आलं होतं म्हणून.

आता नाव टाइपच्या सोयीसाठी निवडलं हे मी इनामदार सरांना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं आणि पुष्कळदा स्वतःलाही सांगितलं. खरं म्हणजे मी धैर्यशीलच्या प्रेमात आकंठ बुडाले होते.

धैर्यशील शाहूपुरीत त्याच्या काकांच्या छापखान्यात ऑफसेटचं मशीन बघायचा. उंच, कमी बोलणारा, आणि कानाच्या पाळीला कायम कुठला तरी रंग लागलेला. मी तिथे पहिल्यांदा गेले ती कागदाचे नमुने बघायला. दुसऱ्यांदा गेले तीही कागदाचे नमुने बघायला. पाचव्या खेपेला त्याचे काका, तात्या, चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, कागदाचं दुकान काढणार हाईस का काय?" मी म्हटलं, पोत नीट कळत नाहीये. धैर्यशीलने मुकाट्याने आणखी एक नमुन्यांची वही काढून दिली. त्याच्या मनात काय आहे याचा पत्ता लागत नव्हता. कधी मी निघताना तो म्हणायचा, "शनिवारी हाय मशीन चालू." मी आठवडाभर त्या चार शब्दांचा अर्थ लावत बसायचे.

यथावकाश सुनंदावहिनीने सगळी नावं कळवली आणि मी ती एकेका पानावर भरली. माझ्या फायलींची नावं मात्र कुठल्याही डिझाइनच्या विद्यार्थ्याची असतात तशीच होती. 'पुस्तक शेवटचं', मग 'पुस्तक शेवटचं नक्की', मग 'पुस्तक शेवटचं नक्की आता खरंच'. पेनड्राइव्हवर फाइल टाकली, छापखान्यात दिली, आणि दोन दिवसांनी निरोप आला, प्रूफ बघून जा.

तात्यांच्या भिंतीवर एक पाटी होती, 'प्रुफावर सही झाल्यावर तक्रार चालणार नाही'. त्या पाटीवर त्यांचा गणपतीइतकाच विश्वास. सही झाली की काना-मात्रेला हात लावायचा नाही, मग लग्नपत्रिकेत नवरदेवाचं आडनाव का चुकेना.

धैर्यशीलने प्रूफ टेबलावर पसरलं. शाई अजून ओली होती, कागदाला वास येत होता. मी वाकले, आणि तेवढ्यात तात्या गल्ल्यावरून कुणाला तरी म्हणाले, "रविवारी बंद ठेवणार. याला घेऊन इस्लामपूरला जायचंय, मुलगी बघायला. पोरगी बी.कॉम. हाय."

माझ्यासमोर चार रंगांचं पान होतं आणि मला त्यातला एकही दिसेना.

"नीट बघितलंस?" धैर्यशीलने विचारलं.

"हो."

"सगळी पानं?"

"बघितली ना. लाल बरोबर आलाय."

"लालचं न्हाई म्हणत मी." त्याने प्रूफ माझ्याकडे आणखी थोडं सरकवलं. "मजकूर. नावं वगैरे. हे असंच छापायचं? नीट बघ, मयूरा."

त्याने मला नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ, आणि तीही इस्लामपूरच्या तोंडावर. मला रडू फुटायचंच बाकी होतं. "असंच छाप!" मी जरा जोरातच म्हणाले, खसकन सही ठोकली आणि बाहेर पडले. रस्त्यात उसाचा रस घेतला तर तोही आंबट लागला.

प्रकाशन त्या रविवारच्या आधीच, गुरुवारी, गावातल्या समाजमंदिरात होतं. अक्कांनी त्याला जोडून हळदी-कुंकू ठेवलं होतं. इनामदार सर आले, सोबत पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक, खादीचा लांब झब्बा, गळ्यात जाड मण्यांची माळ. मागच्या खुर्च्यांवर काही नवरेमंडळीही बसली होती, त्यांत अक्कांचे बापूराव सगळ्यांत पुढे. आपलं नाव पुस्तकात येणार म्हणून ते दाढी करून आले होते.

धैर्यशील पुस्तकांचे गठ्ठे घेऊन आला. निळा शर्ट, भांग पाडलेला. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून नुसतंच शर्टाकडे बघितलं. एक प्रत उघडून बघावी म्हणून मी सुतळीला हात घातला, तर अक्कांनी हातावर चापट मारली.

"पूजा झाल्याबिगर गठ्ठा सोडायचा न्हाई! चटणीचा पहिला घाणासुदिक आम्ही चाखत न्हाई."

गठ्ठ्याला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. मग प्रत्येकीच्या हातात पुस्तक आलं. आपापला उखाणा आपणच मोठ्यांदा वाचायचा, पहिला मान अध्यक्षांचा. अक्का उभ्या राहिल्या, चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं. अक्का एकेक अक्षर जोडत वाचायच्या, त्यामुळे पुढे काय येणार हे तोंडातून बाहेर पडल्यावरच त्यांना कळायचं.

"डंकावर कुटली मिरची, डोळ्याला आलं पाणी... धै... र्य... शील... राव म्हणतात मला, तूच घरची राणी!"

अक्कांनी बोट मागे नेऊन तो शब्द पुन्हा बघितला.

"कोण म्हणतंय?" मागून बापूरावांनी विचारलं.

छापायला 'नक्की' गेली होती. खरी नावं भरलेली 'आता खरंच' माझ्या कॉम्प्युटरवर तशीच पडून होती.

"अगं बया!" सुनंदावहिनी आपलं पान उघडून किंचाळली. "माझ्यात बी धैर्यशीलराव!"

"माझ्यात बी!"

"माझा तर सकाळी घरात हुता. ह्यो कवा आला?"

"आक्का, तुमच्या राणीची सवत हाय मी!"

पानं फडफडली, आणि मग जो हशा फुटला तो समाजमंदिराच्या पत्र्यावर जाऊन आदळला. एकीने दुसरीच्या पाठीत धपाटे घातले, एक जण "थांबा, थांबा, पोट दुखतंय" म्हणत खालीच बसली. बापूराव मात्र उभेच होते आणि शेजारच्याला विचारत होते की हा कुठल्या गल्लीतला. परीक्षक इनामदार सरांकडे झुकून भारावल्या आवाजात म्हणाले, "काय धाडसी संकल्पना आहे! सगळ्यांच्या ओठी एकच नाव. नवरा ही व्यक्ती नाही, ती एक रिकामी जागा आहे." सर "हं हं हं" म्हणाले. सर मला चार वर्षं ओळखत होते, त्यांना सगळं समजलं होतं.

"पर ह्यो धैर्यशील हाय तरी कोण?" अक्कांनी कंबरेवर हात ठेवून मला विचारलं.

तिथे मी घोटाळा केला. उत्तर द्यायच्या ऐवजी माझी नजर दाराकडे गेली. तो तिथे उभा होता, गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत आणि सोडत. सगळ्या गटाच्या माना माझ्या नजरेमागोमाग वळल्या.

"अस्सं," अक्का म्हणाल्या. "ये रे बाबा हिकडं. तूच का धैर्यशीलराव?"

तो पुढे आला. कानाची पाळी आज स्वच्छ होती, म्हणून ती लाल झालेली लांबूनही दिसत होती.

"हे छापलंस तू?"

"व्हय."

"छापताना वाचलं न्हाईस?"

"वाचलं की."

"मग?"

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं सही केलेलं प्रूफ. "हिची सही हाय. आमच्याकडं सही झाली की काना-मात्रा हलवत न्हाईत. मी तरी तीनदा विचारलं, नीट बघितलंस का म्हणून. तीनदा हो म्हणाली. वर म्हणाली, असंच छाप. ओरडून म्हणाली. मग मला वाटलं..." आणि गाडी तिथेच बंद पडली.

"काय वाटलं?" सगळ्याजणी एका सुरात.

"वाटलं, हिला असंच पायजे असंल."

पुन्हा पत्रा दणाणला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. लाज वाटत होती, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, आणि तरी बोटांच्या फटीतून मी हसत होते. इतकं आनंदाचं मरण मला नंतर कधी आलं नाही.

"अक्का, मी पुन्हा छापून देते," मी कशीबशी म्हणाले. "प्रत्येकीचं नाव नीट घालून."

"ते तू देशीलच. पर ही पुस्तकं परत न्हाई मिळायची. चाळीस वर्सांत पहिल्यांदाच दुसऱ्याचं नाव घेतलंय मी." बापूराव खाली बसले.

तेवढ्यात माझ्या कोपराला कुणी तरी हात लावला. तानूबाई होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे केलं. "पोरी, माझं वाच गं. माझ्यातबी ह्योच हाय का?"

हसणं हळूहळू खाली बसलं. मला एकदम भीती वाटली. बाकीच्यांचं ठीक होतं, त्यांचे नवरे मागे खुर्च्यांवर बसले होते. मी पान काढलं.

"सांडगे घातले उन्हात, राखण करते एकली," मी वाचलं, "दगडूरावांच्या नावावर जिंदगी अख्खी टेकली."

"कुठं हाय? दाव."

मी त्यांचं बोट त्या शब्दावर ठेवलं. त्यांनी ते तिथेच ठेवलं, बराच वेळ. "माझा तेवढा माझ्यापाशीच ऱ्हायला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. सुनंदावहिनीने नाक ओढलं आणि पदराने डोळे पुसले.

मग तानूबाईंनी पुस्तक मिटून काखेत धरलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "सगळ्या गावानं ह्या पोराचं नाव घेतलं. तू एकटीच ऱ्हाइलीस. घे नाव."

"घे! घे! घे!" टाळ्यांचा ताल सुरू झाला. कुणीतरी माझ्याच पिशवीतून माझा मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं.

मी धैर्यशीलकडे बघितलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "आणि रविवार?" मी विचारलं. "इस्लामपूर?"

"तू सही केलीस त्याच दिवशी तात्यांना सांगितलं, मी येत न्हाई म्हणून." त्याने सुतळीचं टोक बोटावरून सोडलं. "तात्या म्हणाले, का? मी म्हटलं, प्रुफावर सही झाली."

मी पदर नव्हता म्हणून ओढणी सावरली. उखाणा कुठून आला मला ठाऊक नाही, आपोआप आला.

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. नंतर सगळ्यांची नावं नीट घालून पुस्तक पुन्हा निघालं, परीक्षकांनी मला धाडसाबद्दल भरपूर गुण दिले, चटणी आता थेट मुंबईच्या दुकानांत मिळते. पण आमच्या घरी पाहुणे आले आणि विषय निघाला की ते रेकॉर्डिंगच लागतं. माझा आवाज चिरका येतो, पण शब्द स्वच्छ आहेत.

"न वाचता केली सही, प्रूफ होतं ओलं..."

मग एकदम फुटलेला हशा, टाळ्या, एक डबा पडल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यातून शेवटी वर येते मी, "...चुकलं तेच बरं झालं!" मधलं नाव कितीही कान लावला तरी ऐकू येत नाही. पाहुणे विचारतात, नाव काय घेतलंत? आतल्या खोलीतून आमचे हे ओरडतात, "मशीन चालू हाय म्हणावं, छापून देतो."